सुटला आणि सुटले

माझा आवाज मोठा आहे. आता म्हातारपणी जरा फाटला, पण लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा असा खणखणीत होता की आमचे हे म्हणायचे, "गिरणीचा भोंगा बंद पडला तर मालक तुलाच बोलावणं धाडतील." तिसऱ्या माळ्यावर जिन्याच्या तोंडाशी भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात दत्ताची तसबीर होती. रोज दिवेलागणीला तिथे आरती व्हायची, आणि ती माझ्या तोंडून सुरू व्हायची. खालच्या माळ्यांवरच्या बायका म्हणे माझ्या आवाजावर भात चढवत. "देव बहिरा नाही, जरा हळू," असा ह्यांचा रोजचा टोमणा. मी म्हणायची, "देवासाठी नाही ओरडत, तुम्ही नाक्यावर गप्पा मारत बसता ना, तिथवर पोचावं म्हणून."

खरं सांगायचं तर मला माझ्या आवाजाचा गर्व होता, आणि तो मी भक्तीच्या नावावर खपवत होते. तेव्हा देवाशी माझं फार सरळ होतं. चांगलं झालं की त्याने केलं. वाईट झालं की माणसांनी केलं. ह्यात काही अडचण असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

आमच्या खोलीला लागून मावशीची खोली. मावशी म्हणजे नात्याची कुणी नव्हे. मालवणकडची विधवा बाई, सगळी चाळ तिला मावशी म्हणे. तिला एकच मुलगा. चिंचपोकळीला एका कारखान्यात लेथवर काम शिकत होता. उंच, हडकुळा, सदा भुकेला. आमच्याकडे मासे तळायला घेतले की वास काढत दारात हजर. "वहिनी, मीठ बरोबर पडलंय का बघू?" म्हणायचा आणि तुकडी उचलायचा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चड्डी घालून नळावर आंघोळ करत मोठा झालेला, त्यामुळे त्याला सगळे अरे-तुरे करत. आमच्या ह्यांना मात्र उलट. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, चळवळीत पुढे, मोर्च्याला माणसं जमवणारे. चाळीतले म्हातारेसुद्धा ह्यांना दादा म्हणत. दादा आले, दादा गेले, दादा जेवायला बसले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं ह्यावरच फिरलं.

संयुक्त महाराष्ट्राची वर्षं ती. मुंबई आमच्या हातातून काढून घेणार म्हणून गिरणगाव पेटलं होतं. त्या थंडीत गोळीबार सुरू झाले. एका दुपारी नाक्याच्या बाजूने आवाज आले, आधी मला ते फटाकेच वाटले. मग माणसं पळताना दिसली. तासाभरात दोन बातम्या चाळीत आल्या. पहिली माझी: ह्यांना आणि आणखी बऱ्याच जणांना पोलिसांनी लॉरीत घालून नेलं, कुठे नेलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरी मावशीची: मुलाच्या पोटात गोळी लागली, परळच्या इस्पितळात ठेवलाय. तो मोर्च्यात नव्हताच. कारखाना लवकर सुटला म्हणून घरी येत होता.

संचारबंदी लागली. सकाळी थोडा वेळ ढील मिळायची, तेवढ्यात बायका दूध आणि रॉकेल आणायला पळत. मावशी इस्पितळात जाऊन आली. तिचा भाऊ तिथे मुलापाशी थांबला होता. आली ती जरा उजळलेल्या तोंडाने. मुलगा तिच्याशी बोलला होता. म्हणाली, "बोललो माझ्यावांगडा. पेज मागता हा." पोटात गोळी लागलेल्याला पेज देत नाहीत हे मलाही कळत होतं. तिने तांदूळ धुतले, चुलीवर पेज चढवली. संध्याकाळी ढील मिळाली तर घेऊन जाणार होती.

माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं, हेही सांगायला हवं. मला फक्त माझी लॉरी दिसत होती. कोठडीत लोकांना मारतात असं ऐकलं होतं. मी आदल्या दिवशीच शेवटच्या खोलीतल्या आबांना म्हटलं होतं, "आबा, गाऱ्हाणं घाला."

आम्हा कोकणातल्या माणसांचा हा जुना रिवाज. एक जण देवासमोर उभा राहून मोठ्याने सगळ्यांच्या वतीने मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय महाराजा" म्हणून हुंकार देतात. आबांची त्यात हातोटी होती. त्यांनी विचारलं, "कोणाच्या नावान घालू?" आणि मी घुटमळले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तेव्हा कोण घेत होतं? मी उखाण्यातसुद्धा अडखळत होते. मी म्हटलं, "नाव कशाला? देवाला माहीत आहे. आपल्या माळ्यावरच्या माणसाला सोडव म्हणा."

आबा कोनाड्यासमोर उभे राहिले. "बा दत्तमहाराजा! ह्या माळ्यावरचो जो कोण अडकलो असात, तेका सोडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मावशी माझ्याशेजारीच होती. खोलीत परतताना तिने माझा पदर ओढला. "गो, ह्यात माझो झील पण इलो मां?" झील म्हणजे मुलगा. मी कुलपाची किल्ली शोधत होते. "आला की," म्हटलं, आणि आत गेले.

आता पेजेच्या दिवशीची संध्याकाळ. ढील मिळालीच नाही. रस्ते ओस, गिरण्या बंद. एरवी आमच्या चौकात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, त्या दिवशी खालच्या नळाचं ठिबकणं वरपर्यंत ऐकू येत होतं. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली बघत होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतून चळवळीतला एक तरुण चौकात शिरला. खालच्या माळ्यावरचाच. कोण पकडलं गेलं, कोण इस्पितळात आहे ह्याच्या बातम्या तो लपतछपत फिरून आणत असे. दारात बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "काय रे, काय खबर?"

तो म्हणाला, "सुटला."

एवढंच. हळूच म्हणाला. पण त्या शांततेत तो शब्द तिन्ही माळे चढून आला. त्याने हात कपाळाला लावला, तेही मी वरून पाहिलं. मला वाटलं, देवाला नमस्कार केला.

मी ओरडले, "सुटले! आमचे सुटले!"

कानांनी "सुटला" ऐकलं आणि तोंडाने "सुटले" म्हटलं. मधे कुठे अडखळले नाही. तो पोरगा ह्यांना जन्मात कधी "सुटला" म्हणाला नसता. "दादा सुटले" म्हणाला असता. आणि आपल्या भाषेत हा शब्द आणखी कुणासाठी वापरतात ते काय मला माहीत नव्हतं? माझी आजी बरीच वर्षं अंथरुणावर होती, ती गेली तेव्हा गावातल्या सगळ्या बायका माझ्या आईच्या गळ्यात पडून हेच म्हणाल्या होत्या.

पण त्या क्षणी मी घंटा उचलली होती. बायका खोल्यांतून धावत बाहेर आल्या. दोन दिवस श्वास रोखून बसलेली माणसं, त्यांना आनंदाला काहीतरी निमित्त हवंच होतं. मी निरांजन पेटवलं आणि आरतीला सुरुवात केली. आयुष्यात इतकी जीव तोडून मी ती कधी म्हटली नव्हती. मावशी पेज ढवळायची पळी हातात घेऊन बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघून ती हसली. पळी खिडकीत ठेवली, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "तुझो सुटलो, आता माझो पण येतलो," आणि टाळ्या वाजवू लागली.

पहिली आरती संपता संपता तो तरुण जिना चढून वर आला. शेवटच्या पायरीवर थांबला. चपला काढल्या. आरती चालू असली की मधून कुणी जात नाही, मधे कुणी बोलत नाही, हे त्यालाही लहानपणापासून शिकवलेलं. तो मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला पाहिलं. निरोप आणणारा आला म्हणून मला आणखीच उमाळा आला. मी हाताने त्याला 'ये, ये' अशी खूण केली आणि दुसरी आरती धरली. मग तिसरी. तो तसाच पायरीवर उभा. मावशी टाळ्या वाजवतेय, मधेच पदराने डोळे पुसतेय.

आरत्या संपल्यावर निरांजनाचं ताट मी सगळ्यांत आधी मावशीपुढे धरलं. तिने ज्योतीवरून हात फिरवले आणि तोंडावरून उतरवले. मग मी साखरेची वाटी घेऊन जिन्याकडे गेले. म्हटलं, "घे रे, तोंड गोड कर. कधी येणार म्हणाले?"

त्याने हात पुढे केला नाही. माझ्या मागे बघत म्हणाला, "वहिनी, दादांचं काही कळलं नाही अजून."

मागे टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.  मग मावशीचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा: "गो, चुलीवरची पेज उतू जात असात, बघ."

चाळीत मयत झालं की प्रेत उचलेपर्यंत चूल पेटत नाही, घंटा वाजत नाही. मी आत जाऊन मावशीची चूल विझवली, पेज उतरवून ठेवली. त्या घरात मयताची बातमी पोचली ती माझ्या घंटेच्या नादात. पोटचा पोर गेल्याच्या बातमीवर त्या बाईला मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

हे काही दिवसांनी घरी आले. दाढी वाढलेली, एक डोळा काळानिळा, पण धडधाकट. चाळीने ह्यांना खांद्यावर घेऊन वर आणलं. मी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. दिवेलागणीला हे म्हणाले, "आज भोंगा नाही?" मग सगळं कळलं तेव्हा पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

मला जमेचना. ह्यांना परत आणलं म्हणून देवाचे आभार मानायला हात जोडले की ते आभार मला शेजारच्या भिंतीवर आपटताना ऐकू येत. माझं मागणं त्याने ऐकलं म्हणावं, तर तेच मागणं मावशीचंही होतं, त्याच शब्दांत, त्याच कोनाड्यासमोर. "जो कोण अडकलो असात तेका सोडव." दोघांना सोडवलं की! एकाला घराकडे, एकाला सरणाकडे. नाव घ्यायची लाज वाटली म्हणून मी ते मागणं मोकळं सोडलं होतं. डोक्याला कळायचं की गोळी पोलिसाने झाडली, गाऱ्हाण्याने नाही. पण अपराधी माणसाच्या डोक्याचं कोण ऐकतं?

मी आरती सोडली. पहिल्या माळ्यावरची एक सून म्हणू लागली, बारीक आवाजाची. मी त्या वेळेला आत मोरीत भांडी घासत बसायची. देवावर राग होता का? होता. पण त्याहून जास्त लाज होती. आणि त्या लाजेत भर म्हणजे मावशी एक दिवस न चुकता आरतीला यायची. सुतक फिटल्यापासून रोज. कठड्यापाशी उभी राहायची, टाळ्या वाजवायची, ओठ हलवायची. जिचं गेलं ती देवापुढे उभी, आणि जिचं परत मिळालं ती मोरीत. मला तिचा हेवा वाटायचा, आणि कधीकधी, खोटं कशाला बोलू, संतापही यायचा. कशी करवते हिला ह्याची स्तुती?

मी तिची कामं ओढून घेतली. तिचं पाणी भरायचं, रेशन आणायचं, मासे तळले की पहिली तुकडी तिच्या ताटात. ती गप खायची. मीठ कमी पडलं तरी बोलायची नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

अशी चार वर्षं गेली. मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. आमच्या चाळीला कंदील लागले, रांगोळ्या पडल्या, गुलालाने जिने लाल झाले, गिरण्यांचे भोंगे उगाचच वाजत होते. संध्याकाळी सगळी चाळ तिसऱ्या माळ्यावर गोळा झाली. "आज वहिनीच म्हणणार," असा सगळ्यांचा धोशा. हे गॅलरीत पाठ करून उभे राहिले. मी आतून म्हटलं, "माझा गळा बसलाय."

दार ढकलून मावशी आत आली. कमरेवर हात.

"गळो बसलो? चार वर्सा बसलेलोच हा तुझो गळो."

"मावशी, मला नका सांगू. त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तू आरती म्हटलंस, मी टाळयो वाजवलंय. दोघींनी मिळान केला. मगे तू एकटी तां पाप घेवन मोरयेत कशाक बसलंस? माझ्या झिलाच्या नावान देवावांगडा अबोलो धरलंस, माका इचारलंस?"

मी रडायला लागले. तिला त्याची काही पडली नव्हती. खूप दिवस साठवलेलं ती बोलत होती.

"तुका काय वाटता, मी थंय उभी रवान तेची स्तुती करतंय? गाळी घालतंय. रोज! माझो एकुलतो एक झील नेलंस, तुका दुसरो कोण गावलो नाय, असा तोंडावर सांगतंय तेका. तू म्हणायचंस तेव्हा बरा होता, ढोल वाजल्यासारखो आवाज. आता ही खालची सून, उंदरावरी चिरचिरता. माझ्यो गाळी शेजारच्यांक ऐकाक येतत. माका तुझो आवाज होयो."

 हसावं की काय करावं कळेना. मी विचारलं, "आणि शिव्या देऊन झाल्यावर?"

"मगे हात जोडतंय," ती म्हणाली. "दुसरो कोण हा माका?"

मी उठले. तोंडावर पाणी मारलं, बाहेर आले, घंटा घेतली. पहिल्या ओळीला आवाज चिरकला, दुसरीला मागे कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक हेच. मग गाडी रुळावर आली. माझ्या डाव्या हाताला मावशी. तिचे ओठ हलत होते. मी काय ते ऐकायचा प्रयत्न केला नाही, फक्त जेवढं जमलं तेवढ्या मोठ्याने म्हणत राहिले. तिला आडोसा हवा होता, मी आडोसा दिला. त्या आरतीत भक्ती किती होती ते देव जाणे.

आरती झाल्यावर आबा गाऱ्हाण्याला उभे राहिले. थकले होते, पण आवाज शाबूत. त्यांनी "बा दत्तमहाराजा" म्हणताच मावशीने त्यांना अडवलं. "आबा, आज नावां घेवन घाल. हिच्या घोवाचा, आमच्या दादाचा नाव घे. देवाचो गोंधळ नको पुन्हा." लोक हसले. मीही हसले. मग ती म्हणाली, "आणि माझ्या झिलाचा पण घे. तो गेलो म्हणान काय झाला? ह्या माळ्यावरचोच मां तो?"

आबांनी दोन्ही नावं घेतली. ती मी इथे लिहीत नाही. एक अजूनही माझ्या तोंडी येत नाही, दुसरं लिहवत नाही. दोघांनाही सांभाळ म्हणाले, जो जिथे असेल तिथे. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. माझा हुंकार जरा मागून आला, पण आला.

त्यानंतर मी आरती सोडली नाही. मावशीच्या शिव्यांना बरीच वर्षं आडोसा दिला. ती गेली ती झोपेतच. जिन्यावर बायका पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सुटली बिचारी." मी इतक्या जोरात खेकसले की दोन माळे गप झाले. "सुटली नाही! गेली म्हणा!"

आता मुलाकडे वडाळ्याला असते. इमारतीत गणपती बसतो तेव्हा आरतीला मला पुढे करतात, आजींचा आवाज काय आहे म्हणून कौतुक होतं. मी घंटा हातात घेते, देवाला हात जोडते, आणि मग वळून एकदा जिन्याकडे बघते. कुणी चपला काढून, मान खाली घालून थांबलेलं नाही ना, एवढं बघते. नसेल तरच सुरू करते.